प्रकल्प नोंदी: ७३७-८०० वर माशांचा थवा

२ फेब्रुवारी – आराखडा

विमान बोइंग ७३७-८००, लांबी ३९.५ मीटर. त्याच्या अंगावर रंगवायच्या चित्राची संकल्पना अशी: शेपटाकडे गडद निळं, नाकाकडे येता येता फिकट होत पांढरं. त्या पाण्यात पिवळे आणि नारिंगी मासे, सगळे नाकाच्या दिशेने पोहणारे. चित्रकाराच्या सपाट चित्रात १८० मासे होते, आज १०४ उरले. बाकीचे का गेले ते इथे लिहून ठेवलेलं बरं, पुढच्या कामात हीच यादी पहिल्यांदा काढावी लागेल.

पहिली कात्री स्टॅटिक पोर्टभोवती लागली. बाहेरच्या हवेचा दाब इथून मोजला जातो आणि त्यावर उंची व वेग ठरतो. पोर्टच्या भोवतालचा आखलेला भाग गुळगुळीतच राहिला पाहिजे, रंगाच्या थराची पायरीसुद्धा तिथे चालत नाही. त्या चौकटीत येणारे किंवा तिला शिवणारे मासे सरळ काढून टाकले.

दुसरी कात्री आडव्या शेपटाच्या मुळाशी. ट्रिमसाठी, म्हणजे विमानाचा तोल साधण्यासाठी, हे आडवं शेपूट (स्टॅबिलायझर) वर-खाली फिरतं आणि बुडख्यावर एक कमान झाकतं-उघडतं. त्या पट्ट्यात निळा रंग पूर्ण खोलवर न्यायचा, पण मासा ठेवायचा नाही. ठेवला तर कधी अर्धा दिसतो, कधी पूर्ण. तिसरी कात्री दारांच्या फटींची. माशाचा डोळा किंवा तोंड फटीवर आलं की दार बंद असतानाही चेहरा तुटलेला दिसतो. असे मासे १५–२० सेंटिमीटर सरकवले, सरकवायला जागा नसेल तर काढले. पोटाखालचे सगळेच गेले: तिथे निचऱ्याची भोकं आहेत, तेलाचे ओघळ मागे पसरतात, आणि पिवळा रंग महिन्याभरात मळकट होतो. ४० सेंटिमीटरपेक्षा लहान माशांवरही काट मारली. ते लांबून नुसते ठिपके दिसतात, आणि कडेचं काम मात्र मोठ्या माशाइतकंच मागतात.

खर्च रंगाचा नसतो, कडांचा असतो. १९९३ साली जपानच्या ऑल निप्पॉन कंपनीच्या जंबोवर (बोइंग ७४७) देवमासा रंगवला गेला. विमानाच्या अंगालाच देवमाशाचं अंग केलं की मोठा आकार थोडक्या कडांत बसतो. १०४ सुटे मासे म्हणजे १०४ बंद कडा, आणि प्रत्येक कड टेप, गळती, तासकाम आणि तपासणी मागते. चित्रकारांना हे पहिल्याच बैठकीत सांगावं, आणि सांगताना सपाट कागद नव्हे, मनाई-जागा लाल केलेला विमानाचा उलगडलेला नकाशा समोर ठेवावा.

३ फेब्रुवारी – हिशेब

निळ्याचं क्षेत्र सुमारे २२० चौ. मी., सरासरी सुका थर ३० मायक्रॉन. म्हणजे सुका रंग ६.६ लिटर. मिसळलेल्या बेसकोटमध्ये (खालचा रंगीत थर) घन भाग आकारमानाने ३५ टक्के, म्हणजे १८.९ लिटर. गनमधून निघालेल्यापैकी ६५ टक्केच पत्र्यावर बसतो असं धरलं तर २९ लिटर. गन धुणं आणि डब्याच्या तळाला राहणारा रंग मिळून ३२ लिटर मागवले, तीन छटांत विभागून.

क्लिअरकोट (सगळ्यात वरचा पारदर्शक थर): ४५० चौ. मी., ५० मायक्रॉन, घन भाग ५० टक्के. सुका २२.५, ओला ४५, गनच्या हिशेबाने ६९ लिटर. मागणी ७५.

वजन: घनता १.४ धरली तर निळ्याने ९.२ किलो वाढतात. माशांच्या ४० चौ. मी. वर २५ मायक्रॉन म्हणजे आणखी १.४ किलो. साध्या पांढऱ्या सजावटीपेक्षा साडेदहा-अकरा किलो जास्त. हे जुना रंग पूर्ण काढला तरच. जुन्यावर नवा चढवला तर जुन्या थराचं वजन तसंच राहतं आणि एकूण जाडी मर्यादेबाहेर जायला वेळ लागत नाही. जाड थर थंडीत ताणला की तडकतो.

५ फेब्रुवारी – जुना रंग उतरवणं

ॲल्युमिनियमच्या भागावर बेन्झिल अल्कोहोलचं स्ट्रिपर, म्हणजे जुना रंग सोडवणारं रसायन. त्याआधी पूर्ण दिवस झाकाझाकीत गेला: खिडक्या, सीलंट, विंगलेट (पंखांची वर वळलेली टोकं), रडर-एलिव्हेटर (शेपटाचे हलते भाग), पोटाचं फेअरिंग (बाहेरचं आवरण), रेडोम (नाकातल्या रडारवरचं कवच). कॉम्पोझिटवर (धागे आणि रेझिन यांपासून केलेल्या भागांवर) स्ट्रिपर लागता कामा नये, रेझिन फुगतं. ॲल्युमिनियम फॉइलचा टेप, त्यावर पॉलिथिन, त्याच्या कडेला पुन्हा फॉइल टेप. साधा कागदी टेप स्ट्रिपरमध्ये तासाभरात भिजून सुटतो.

रंग सुरकुतला की प्लॅस्टिकच्या खरवडणीने काढायचा. धातूचं ब्लेड हँगरमध्ये आणायचंच नाही, हा नियम दारावर लावला आहे. ७३७ च्या लॅप जॉइंटवर (एकावर एक चढवलेल्या पत्र्यांचा सांधा) सीलंट किंवा स्टिकर काढताना ब्लेडने उमटलेल्या बारीक रेघांतून थकव्याचे तडे जाऊ शकतात. त्यासाठी निर्मात्याच्या आणि अमेरिकेच्या विमान नियामकाच्या (एफएए) तपासणीच्या सूचना निघालेल्या आहेत. रेघ डोळ्यांना दिसत नाही, रंगाखाली तर नाहीच. याच कारणाने माशांचे सगळे साचे प्लॉटरवर कापून येणार. विमानाच्या अंगावर काहीही कापायचं नाही.

धुताना लॅप जॉइंट आणि रिव्हेटच्या ओळींवर पाण्याचा जोर देऊन दोनदा फिरवलं. सांध्यात अडकलेलं स्ट्रिपर आज दिसत नाही; नवीन रंग चढल्यावर उबेने बाहेर झिरपतं आणि सांध्याच्या बरोब्बर रेषेत फोड येतात.

६ फेब्रुवारी – कॉम्पोझिटचं घासकाम

रडर, एलिव्हेटर, एलेरॉन (पंखांचे हलते भाग), विंगलेट हाताने आणि सक्शन लावलेल्या सँडरने घासले. जुना वरचा थर जाऊन खालचा प्रायमर दिसू लागला की थांबायचं. कार्बनचा काळा धागा दिसला म्हणजे रंगकाम संपलं आणि दुरुस्तीचं काम सुरू झालं. जुन्या प्रायमरमध्ये विषारी क्रोमेट आहे, म्हणून कोरडं घासताना सक्शन आणि योग्य मास्क सक्तीचे. झाडूने धूळ लोटायची नाही.

रडर उतरवून वेगळ्या घोडीवर घेतलं आहे. त्यावर सात मासे येतात, त्याबद्दल १४ तारखेची नोंद पाहा.

८ फेब्रुवारी – पृष्ठ तयारी आणि प्रायमर

पत्रा बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पॅडने घासून धुतला आणि पाण्याची चाचणी घेतली: पाण्याचा पडदा ३० सेकंद अखंड राहिला पाहिजे. जिथे तो फाटून थेंब होतात तिथे चिकटपणा आहे. उजव्या मागच्या दाराच्या खाली दोन हात जागेत पडदा फाटला. बिजागरीच्या ग्रीसचा ओघळ होता. पुसून, पुन्हा घासून, पुन्हा चाचणी.

त्यानंतर सोल-जेल, म्हणजे पत्रा आणि प्रायमर यांना धरून ठेवणारा थर. पाण्यासारखं पातळ, ओतून पत्रा ओला ठेवायचा, साचलेलं निथळू द्यायचं, सुकू द्यायचं. खालच्या कडेला आणि रिव्हेटच्या भोवती डबकं राहिलं तर ते जाड सुकतं आणि ठिसूळ होतं. रिव्हेटच्या डोक्यावरून रंग टिकल्या-टिकल्यांनी उडालेली विमानं दिसतात. रिव्हेटचा धातू वेगळा, त्याचं डोकं गुळगुळीत, आणि हवेत पत्रा ताणला की पहिली हालचाल तिथेच. त्यात तयारी कच्ची राहिली की रंग धरत नाही. म्हणून प्रत्येक ओळ पॅडने उभी आणि आडवी दोन्हीकडून घासली. यावर वेळ जातो, पण हे काम नंतर करता येत नाही.

प्रायमर त्याच पाळीत मारला, सुका थर १५–२० मायक्रॉन. हँगर २३ अंश, आर्द्रता ५५ टक्के.

९ फेब्रुवारी – पांढरा

पांढरा बेसकोट दुपारी ४ वाजता पूर्ण. इथून घड्याळ सुरू होतं. या संचाच्या पत्रकाप्रमाणे बेसकोटवर ७२ तासांच्या आत क्लिअर चढला तर न घासता धरतो. नंतर सगळं अंग घासावं लागेल. म्हणजे १२ तारखेच्या दुपारी ४ च्या आत मासे, निळं आणि क्लिअर. वेळापत्रक शेवटाकडून उलटं मांडून दोन्ही पाळ्यांच्या फळ्यावर लावलं.

१० फेब्रुवारी – आखणी, मग पिवळा-नारिंगी

रिव्हेटच्या ओळी आणि खिडक्यांची रांग हाच आधार. जमिनीवरून मोजायचं नाही. विमान चाकांवर उभं असताना किंचित कललेलं असतं आणि डाव्या-उजव्या टायरच्या दाबातही फरक असतो. खिडक्यांच्या खालच्या कडेपासून उभी मापं, फ्रेमच्या रिव्हेट ओळींपासून आडवी. लेझर प्रोजेक्टर मधल्या नळकांड्यावर बिनचूक बसतो. नाकाकडे आणि शेपटाकडे अंग दोन दिशांनी वळतं, तिथे सपाट साचा चुरगळतो. तिथल्या माशांचे साचे दोन किंवा तीन तुकड्यांत कापून घेतले होते, ते जुळले.

रंगाचा क्रम चित्राच्या उलटा आहे. पिवळा आणि नारिंगी झाकायला दुबळे: गडद निळ्यावर चार हात मारले तरी हिरवट दिसतात. म्हणून आधी पांढऱ्यावर पिवळे-नारिंगी डाग, त्यावर माशाच्या आकाराचा चिकट साचा, आणि सगळ्यावरून निळं. साचा ओढला की खालून मासा निघतो. निळ्याखाली पिवळा फक्त माशाच्या कडेपुरता राहतो, त्यामुळे वजनही वाचतं.

डाग किती मोठा असावा, यावर बराच खल झाला. गडद निळ्याच्या भागात माशाच्या कडेबाहेर ८ सेंटिमीटरपर्यंत पिवळा पसरला तरी निळं सगळं गिळतं, म्हणून तिथे कागदाची ढोबळ खिडकी पुरते. पुढच्या फिकट भागात निळ्याचा हात इतका पातळ की बाहेरचा पिवळा हिरव्या वलयासारखा दिसणार. तिथे वेगळा साचा, माशापेक्षा फक्त १० मिलिमीटर मोठा. पुढचे २६ मासे असे दुहेरी साच्याने केले.

पिवळ्याला दोन हात, मध्ये २० मिनिटं. टेप सहन होईल इतका सुकायला तीन तास दिले. लवकर साचा चिकटवला की ओढताना पिवळ्याची साल निघते.

११ फेब्रुवारी – साचे आणि निळं

१०४ साचे सकाळी लावले. साच्याच्या कडेवर नखाने नव्हे, फेल्टच्या पट्टीने दाब दिला. लॅप जॉइंटची पायरी ओलांडणाऱ्या माशांवर पायरीपाशी ३ मिलिमीटरची फाइन-लाइन टेप वेगळी बसवली, कारण साच्याची फिल्म पायरीवर तंबूसारखी उचलते आणि खालून रंग शिरतो. रिव्हेटवर फिल्म थोडी गरम करून ब्रशने दाबली.

निळ्यासाठी चार रंगारी, दोन्ही बाजूंना दोन-दोन, एकाच वेळी. एक बाजू आज आणि दुसरी उद्या असं केलं तर छटेची उतरण दोन्हीकडे सारखी येत नाही. मधला निळा पूर्ण पट्ट्यात, मग शेपटाकडून गडद, नाकाकडून फिकट. प्रत्येक दोन छटांचा मिलाफ दीड मीटर रुंद. मिलाफात गन मनगटाने वळवायची नाही, अंतर तेच ठेवून ट्रिगर सैल करत जायचं. तरीही टोकाला रंगाचे कण हवेतच सुकून पत्र्यावर वाळूसारखे बसतात. बोट फिरवलं की खरखर लागते. तसंच सोडलं तर क्लिअर त्यात शोषला जातो आणि पट्टा मंद दिसतो. उपाय: मिलाफाच्या टोकावर ब्लेंडिंग थिनरचा एक हलका हात, सुकल्यावर टॅक-रॅग (धूळ टिपणारं चिकट फडकं). रंग साधा, चकाकीचा नाही, म्हणून बारीक पॅड फिरवायची सोय होती. अभ्रकाच्या रंगात तसं केलं तर डाग पडतो.

रात्री ९ वाजता साचे ओढले. निळा टेपला चिकटत नाही पण अजून पूर्ण कडक नाही, ही वेळ साधावी लागते. रात्रभर राहू दिलं तर निळ्याचा थर फिल्मवरून पत्र्यावर सलग सुकतो आणि ओढताना कड दातेरी फाटते. ओढताना फिल्म स्वतःवरच मागे दुमडून, सावकाश, माशाच्या शेपटीकडून तोंडाकडे.

गळती नऊ माशांवर. सात लॅप जॉइंटवर, दोन डाव्या पंखावरच्या आपत्कालीन दारापाशी. बारीक ब्रशने आणि त्याच रंगाच्या राखलेल्या डब्यातून दुरुस्ती. या साठी प्रत्येक छटेचा २०० मिली रंग हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) न घालता बाजूला ठेवावाच.

१२ फेब्रुवारी – क्लिअरकोट

सकाळी ७ ला सुरुवात, दुपारी १२.३० ला संपलं. पाठीवरून सुरू करून दोन्ही बाजूंनी खाली, पोटाखाली मिलन. शेजारच्या रंगाऱ्याची ओली कड १५–२० मिनिटांत गाठली नाही तर तिथे खरखरीत पट्टा राहतो. हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतो, त्यामुळे बाहेरून हवा पुरवणारे मास्क सगळ्यांना, फिल्टरचे चालत नाहीत. विमान जमिनीला जोडलेलं. इलेक्ट्रोस्टॅटिक गन असताना अर्थिंगची तार सुटली तर ठिणगीचा धोका.

दोष: उजव्या बाजूला तीन ओघळ, पाठीवर धुळीचे काही कण. मागच्या कार्गो दाराजवळ तीन फिशआय (रंग मागे सरून पडणारे गोल खड्डे), सिलिकॉनचे. फिशआयवर वरून आणखी रंग ओतणं हा सर्वांना सुचणारा आणि नेहमी फसणारा उपाय. सुकू द्यायचं, घासायचं, पुसायचं, मग जागेपुरता क्लिअर.

क्लिअरखाली माशांच्या कडेची पायरी बुजली, बोटाला जेमतेम जाणवते. रेडोमला निळं दिलं नाही, फक्त पांढरा आणि त्याच्या मर्यादेतला थर. रडारच्या लहरी त्यातून जायच्या आहेत, त्यामुळे जाडी बेतशीर आणि धातूची भुकटी असलेला रंग वर्ज्य. रेडोमवरच्या, आकाशातली वीज वळवणाऱ्या पट्ट्या झाकूनच ठेवल्या होत्या.

१३ फेब्रुवारी – खुणा

नोंदणी चिन्ह: आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या परिशिष्ट ७ नुसार अंगावर किमान ३० सेंटिमीटर, पंखाखाली किमान ५० सेंटिमीटर उंच. अक्षराची रुंदी उंचीच्या दोन-तृतीयांश, रेघेची जाडी एक-षष्ठांश. मागच्या गडद निळ्यावर पांढरी अक्षरं.

आपत्कालीन दारांभोवती ५ सेंटिमीटरचा पट्टा लागतो आणि त्याचा भोवतालच्या रंगाशी विरोध ठरलेला आहे. गडद रंगाची परावर्तकता १५ टक्के किंवा कमी असेल तर फिकट किमान ४५ टक्के हवा. गडद १५ च्या वर असेल तर दोघांत ३० टक्क्यांचा फरक हवा. छटेच्या उतरणीत हा हिशेब दारागणिक बदलतो. मागची दारं ९ टक्क्यांच्या निळ्यात: पांढरा पट्टा चालतो. पंखावरची दारं २७ टक्क्यांत, पांढरा ८४: चालतो. पुढच्या दारांभोवती फिकट निळं ६२ टक्के, पांढऱ्याशी फरक फक्त २२. तिथे पट्टा गडद निळा केला. चित्रकाराला सगळीकडे पांढरा हवा होता; इथे पसंतीला वाव नाही.

सूचनांचे शेकडो छोटे मजकूर एटीए प्रकरण ११ च्या (देखभाल पुस्तिकेतलं खुणा आणि सूचनांचं प्रकरण) यादीवर एकेक टिक करत लावले. हे स्टिकर ताज्या क्लिअरवर लावायचे तर द्रावक बाहेर पडून जायला वेळ द्यावा, नाहीतर फिल्मखाली बुडबुडे धरतात. म्हणून तातडीच्या खुणा स्टेन्सिलने रंगवल्या. प्रवाहाच्या दिशेची प्रत्येक कड एज-सीलरने बंद.

१४ फेब्रुवारी – रडर

रडर वेगळं रंगवून वजन केलं आणि निर्मात्याच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या (एसआरएम) ५१-६० प्रमाणे समतोल तपासला. बिजागरीच्या मागे पडलेला प्रत्येक ग्रॅम शेपटीला जड करतो आणि वेगात फडफडीचा धोका वाढवतो. सात मासे आणि निळं धरूनही मर्यादेत. बसवताना फिन (उभं स्थिर शेपूट) आणि रडरवरचा अर्धा-अर्धा मासा जुळतो का पाहिलं: दोन जुळले, तिसऱ्यात ४ मिलिमीटरचा फरक. रडर मध्यरेषेत असताना मोजायचं, जॅकवर ढिलं असताना नाही. मध्यरेषेत आणल्यावर फरक दीड मिलिमीटर. ठेवला.

१६ फेब्रुवारी – आच्छादन काढणं आणि तपासणी

२ ऑक्टोबर १९९६ ला पेरूच्या एअरोपेरू कंपनीचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं, विमानातले ७० जण गेले. धुतल्यावर डाव्या बाजूच्या स्टॅटिक पोर्टवरची टेप काढायची राहिली होती आणि ती पत्र्याच्याच चंदेरी रंगाची होती. म्हणून पोर्ट, पिटो (वेग मोजणारी नळी) आणि अँगल-ऑफ-अटॅकच्या (हवेशी होणारा कोन) मापकावर केशरी आच्छादनं, प्रत्येकाला क्रमांक आणि लोंबती फीत. लावताना मोजली तेवढी फळ्यावर परत आली पाहिजेत. २३ लावली होती, २३ परत. नंतर दुसऱ्या तपासनीसाने यादी न बघता स्वतंत्रपणे प्रत्येक पोर्टचं भोक टॉर्चने पाहिलं.

जाडी: ॲल्युमिनियमवर एडी-करंट मापकाने ६० ठिकाणी, ११० ते १४५ मायक्रॉन. सर्वाधिक माशांच्या कडेपाशी, जिथे पांढरा, पिवळा, निळा आणि क्लिअर चारही आहेत. कॉम्पोझिटवर हे मापक चालत नाही, म्हणून सोबत रंगवलेल्या साक्षी-पट्ट्या मोजल्या. जाळी कापून घेण्याची चिकटाची चाचणीही त्याच पट्ट्यांवर. विमानाच्या पत्र्यावर ती घ्यायची नाही. चमक ६० अंशांवर ९२, मिलाफाच्या पट्ट्यात ८८.

निचऱ्याची भोकं प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी केली. दोन रंगाने बुजली होती, दोन्ही मागच्या भागात.

२६ फेब्रुवारी – पहिली फेरतपासणी

दारांच्या पुढच्या कडा, रेडोमची शिवण, पंखाच्या मुळाचा पुढचा भाग आणि रिव्हेटच्या ओळी पाहिल्या. रिव्हेट ठीक. डाव्या पुढच्या दाराच्या कडेला १२ मिलिमीटर लांबीचा टवका, कॅटरिंगच्या गाडीच्या रबराचा घासा असावा. पांढऱ्यापर्यंतच गेला आहे, प्रायमर शाबूत. जागा घासून, फिकट निळा आणि क्लिअर ब्रशने. टच-अपच्या पेटीत आता फिकट निळा १२० मिली उरला आहे. पुढच्या सी-चेकच्या (मोठी ठरलेली देखभाल) आधी तीनही छटांचा अर्धा-अर्धा लिटर बॅच क्रमांकासह मागवायचा.